संस्थेचा फोन कुणी उचलायचा? सोशल मीडियावरून लोकांशी जोडून राहायची सविस्तर पद्धत

अंबाजोगाई-केजच्या पट्ट्यात आमची एक लहान संस्था आहे. उन्हाळ्यात रक्तदान शिबिर, दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं त्याला हातभार, आणि पावसाळ्याआधी जमेल तेवढं पाण्याचं काम, एवढा पसारा. संस्थेचा फोन गेली काही वर्षं माझ्याकडं आहे, म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टा सगळं मीच बघते. आता धारूर, रेणापूर तिकडच्या दोन-तीन गटांनी विचारलं की ताई तुम्ही हे कसं करता ते एकदा बैजवार लिहून द्या, म्हणून लिहायला बसले. बचत गट असो, वाचनालय असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो नाहीतर ग्रामपंचायत, पद्धत जवळपास हीच लागू होते.

मुख्य गोष्ट आधीच सांगते, कारण खालचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. पोस्ट टाकणं हे निम्मं काम पण नाही. पोस्टखाली कुणीतरी काहीतरी विचारतं, त्याला वेळेत आणि नीट उत्तर देणं, हे खरं काम.

हे मला कळलं ते पहिल्या शिबिराच्या वेळी. मोठा बॅनर केला होता, वर पाहुण्यांचे चौदा फोटो, मधे संस्थेचं नाव, खाली बारीक अक्षरात तारीख. लाइक मोप आले, अभिनंदन, हार्दिक शुभेच्छा, सगळं आलं, आणि शिबिराला मात्र आमचेच ओळखीचे थोडे लोक. रात्री घरी येऊन पोस्ट खालपर्यंत वाचली तर शुभेच्छांच्या मधे मधे नऊ प्रश्न पडलेले दिसले. किती वाजेपर्यंत आहे? बायकांसाठी वेगळी सोय आहे का? मला शुगरची गोळी चालू आहे, चालतं का? वजन ४७ आहे, घेतात का? नऊच्या नऊ प्रश्नांना कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. म्हणजे यायला तयार असलेली नऊ माणसं दारात उभी होती आणि आम्ही आत बॅनर बघत बसलो होतो. त्या दिवसापासून मी पद्धतच बदलली.

पहिलं काम वहीत

ॲप उघडायच्या आधी वही घ्या आणि ज्यांच्याशी बोलायचंय त्यातल्या दहा-पंधरा घरी जाऊन या. विचारायचं एवढंच: घरात फोन किती, तो दिवसभर कुणाच्या हातात असतो, रिचार्ज कोण मारतं, वाचायला बरं वाटतं का ऐकायला, आणि निवांत कधी असता. आम्ही फिरलो तेव्हा असं दिसलं की बऱ्याच घरात बाईचा स्वतःचा फोन नाही, फोन नवऱ्याबरोबर वावरात जातो आणि संध्याकाळी शाळेतून आलेल्या लेकराच्या हातात येतो, आणि मेसेज आला की लेकरूच आईला मोठ्यानं वाचून दाखवतं. हे कळल्यावर मी मेसेज लिहायची पद्धत बदलली. पाचवीतल्या लेकराला न अडखळता वाचता आलं पाहिजे आणि चुलीपुढं बसलेल्या आईला ऐकून कळलं पाहिजे, असं लिहायचं. आजही मेसेज पाठवायच्या आधी मी तो एकदा मोठ्यानं वाचते, जिथं जीभ अडकते तिथं वाक्य तोडते.

वेळेचंही तसंच. सकाळी सहा-सातला टाकलेली पोस्ट आमच्याकडं वाया जाते, तेव्हा धारा काढायच्या असतात, पाणी भरायचं असतं. जेवणं झाल्यावर रात्री आठ ते साडेनऊ बरं पडतं. सोयाबीन काढणी चालू असली की काहीच टाकू नका, अगदी गरजेचं सोडून. आणि जे लोक ऊसतोडीला फडावर गेलेत, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, त्यांचं गणित अजून वेगळं. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, लाइट नसते, फोन ट्रॅक्टरवर नाहीतर मुकादमाकडं चार्जिंगला असतो. तिथं लांबलचक व्हिडिओ पाठवून उपयोग नाही, अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा, तो ऐकला जातो.

कोणतं ॲप कशासाठी

सगळीकडं खातं काढायचा मोह होतो, तो टाळा. दोन जागा नीट चालवा, जमलं तर तिसरी. आमच्याकडं पहिली जागा व्हॉट्सॲप, यात वादच नाही. पण व्हॉट्सॲपमधेसुद्धा चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

ग्रुपमधे १०२४ माणसं बसतात. चर्चेला ग्रुप चांगला, पण ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो हे विसरू नका. बायकांचा मोठा ग्रुप केला आणि त्यात अनोळखी माणसं आली की दुसऱ्या दिवसापासून रात्री-अपरात्री फोन सुरू होतात, हे आमच्या एका गटात झालंय आणि त्यानंतर तीन जणी ग्रुप सोडून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. म्हणून तीस-चाळीस ओळखीच्या बायका असतील तर ग्रुप, त्याच्यावर गेलं की कम्युनिटी करा. कम्युनिटीच्या घोषणांच्या ग्रुपमधे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट ब्रॉडकास्ट लिस्ट. एका यादीत २५६ जण. मेसेज प्रत्येकाला वेगळा, खासगी म्हणून जातो आणि त्याचं उत्तर फक्त तुम्हालाच येतं. लोकांशी बोलायला याच्यासारखं साधन नाही असं माझं मत आहे, कारण माणूस चारचौघांत विचारत नाही ते इथं विचारतो. पण एक अट आहे, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचतच नाही. म्हणून कुणाचा नंबर घेतला की तिथंच उभं राहून आपला नंबर त्यांच्या फोनमधे संस्थेच्या नावानं सेव्ह करून द्या.

तिसरं चॅनेल, आपल्याकडं २०२३ला आलं. एकतर्फी असतं, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, जिल्हाभर माहिती पोचवायची असेल तर ठीक, पण बोलणं होत नाही. आणि चौथं स्टेटस. स्टेटसला कमी समजू नका, आमच्याकडं लोक बातम्या बघत नाहीत पण सगळ्यांचे स्टेटस रोज रात्री बघतात. शिबिराच्या आधी पाच दिवस आमच्या वीस कार्यकर्त्यांनी आपापल्या स्टेटसला एकच मजकूर ठेवला तर तो फेसबुकच्या पोस्टपेक्षा लांब जातो, कारण तो ओळखीच्या माणसाकडून येतो.

संस्थेच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फुकट आहे. त्यात पत्ता आणि कामाची वेळ टाकता येते, रात्री कुणी मेसेज केला तर आपोआप उत्तर जातं, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवता येतात, आणि प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं. मी 'विचारलंय', 'येणार', 'येऊन गेले' अशी तीन लेबलं ठेवलीत.

बाकीचं थोडक्यात. फेसबुकचं पेज काढा, संस्थेच्या नावानं माणसासारखं प्रोफाइल काढू नका, प्रोफाइलला ५००० मित्रांची मर्यादा आहे आणि पेजला दोन-चार जणांना मिळून काम करता येतं. इन्स्टा कॉलेजच्या पोरापोरींसाठी, तुमच्या कामाला तरुण स्वयंसेवक लागत असतील तरच. यूट्यूबवर असं टाका जे वर्षभरानं पण कामाला येईल, बीजप्रक्रिया कशी करायची, शेततळ्याचा कागद कसा अंथरायचा, असलं. एक्सवर (आधीचं ट्विटर) गावातलं कुणी नाही, पण अधिकारी आणि पत्रकार आहेत, तेवढ्यापुरतं खातं असू द्या.

खातं संस्थेचं, माणसाचं नाही

हे लई जणांचं चुकतं, आमचंही चुकलं होतं. आमचं पहिलं पेज एका हुशार पोरानं काढलं, स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या ईमेलवर. त्याला पुण्याला नोकरी लागली, पुढं त्याचा जुना नंबर बंद झाला, पासवर्ड त्यालाही आठवेना, आणि तीन वर्षांचे फोटो, ओळखी, सगळं गेलं. त्या पोराची काही चूक नव्हती, आम्हीच काही लिहून ठेवलं नव्हतं.

तर असं करा. संस्थेच्या नावानं सिम घ्या, संस्थेचा एक ईमेल काढा. पेजला कमीत कमी दोन जणांना पूर्ण अधिकार द्या, त्यातला एक जण विश्वस्त असावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खातं उघडायला आणखी एक कोड लागतो ती सोय, सगळीकडं चालू करा, व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन कागदावर लिहून ठरावाच्या वहीबरोबर कपाटात ठेवा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मग फोन करणारा 'कंपनीतून बोलतोय' म्हणू दे नाहीतर 'सर बोलतोय' म्हणू दे. कार्यकर्ता सोडून गेला की त्याच आठवड्यात त्याचा ॲक्सेस काढायचा, राग म्हणून नाही, शिस्त म्हणून. आणि सिमचं रिचार्ज कोण मारणार ते ठरवून ठेवा, नंबर बंद पडला की फार दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याला मिळतो आणि लोक त्या अनोळखी माणसाला रक्त मागत बसतात.

पोस्ट कशी लिहायची

एका पोस्टमधे एकच गोष्ट सांगा आणि वाचणाऱ्यानं काय करायचं ते एकच सांगा. पाणी फाउंडेशनचं उदाहरण आमच्या डोळ्यासमोरचं आहे. २०१६च्या पहिल्या वॉटर कपला, म्हणजे गावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेला, राज्यात तीनच तालुके होते, वरुड, कोरेगाव आणि आमचं अंबाजोगाई. पुढं २०१८ला त्यांनी शहरातल्या लोकांना जलमित्र म्हणून ऑनलाइन नाव नोंदवायला सांगितलं, १ मेला श्रमदानाला या म्हणून. त्यात काय करायचं ते साफ होतं: नाव नोंदवा, अमुक दिवशी या, फावडं उचला. पाण्याचं महत्त्व पटवत बसलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि पुढं गेले असते.

आमची शिबिराची आत्ताची पोस्ट अशी असते, जशीच्या तशी देते, तुमच्या कामाप्रमाणं बदलून घ्या:

'रविवारी सकाळी ९ ते २, जिल्हा परिषद शाळेत रक्तदान आहे. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर असेल तर तुम्ही देऊ शकता. हिमोग्लोबिन तिथंच तपासतात, १२.५ लागतं. उपाशीपोटी येऊ नका, भाकरी खाऊन या. बायकांसाठी वेगळी खोली आणि बाई डॉक्टर आहेत. परत सोडायला गाडी आहे. काही गोळ्या चालू असतील तर गोळ्यांची पट्टी सोबत आणा, डॉक्टर बघून सांगतील. येणार असाल तर याच नंबरवर "येतो" किंवा "येते" एवढंच पाठवा.'

ह्यात मागच्या वर्षी लोकांनी विचारलेले प्रश्नच उत्तर होऊन बसलेत. पाहुण्यांचं नाव नाही, फोटो नाही. सुरुवातीला यावरून आमच्या मीटिंगमधे बरीच वादावादी झाली, अध्यक्षांचा फोटो नको म्हणजे काय. शेवटी तोडगा निघाला की मान्यवरांचे फोटो शिबिर झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पोस्टमधे टाकायचे, तेव्हा कुणाचं नुकसान होत नाही. तुमच्याकडंही हा प्रश्न येणारच, हा तोडगा वापरून बघा.

आणि ते "येते" एवढंच पाठवा, याला फार महत्त्व आहे. एक शब्द पाठवायला कुणाला जड जात नाही, आणि एकदा पाठवला की माणूस येतो, निदान येत नसला तर कळवतो. शनिवारी संध्याकाळी त्या सगळ्यांना मी एकेक करून आठवण करते, नावानं. 'मावशी, उद्या येताय ना? उन्हाच्या आत या, नऊला.' लिस्टवर एकदम टाकत नाही.

भाषा आपलीच ठेवा. 'सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की' असं लिहिलं की लेकरू वाचताना तिसऱ्या शब्दाला थांबतं. जसं दारात उभं राहून सांगाल तसं लिहा. पण आकडा, तारीख, जागा यात ढिलाई नको.

व्हिडिओ

जास्त लिहीत नाही, चार गोष्टी सांभाळल्या की झालं. फोन उभा धरा. माणसाच्या तोंडावर उजेड पाहिजे, पाठीमागं नको. पत्र्याच्या शेडमधे आणि पंख्याखाली आवाज घुमतो, त्यापेक्षा लिंबाखाली घ्या, वारं असलं तर कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. आणि बोलणं खाली अक्षरात द्या, कारण लोक एसटीत, दवाखान्यात आवाज बंद करून बघतात. सुरुवातीला संस्थेचा लोगो फिरवत बसू नका, पहिल्याच वाक्यात कामाचं सांगा. बोलणाऱ्याची भाषा सुधारू नका. आमच्या एका आजीनं 'म्या रगत दिलं, मला काय बी झालं नाय' एवढंच सांगितलेला व्हिडिओ आहे, तो आजही लोक एकमेकांना पाठवतात, डॉक्टरांचा सात मिनिटांचा कुणी शेवटपर्यंत बघितला नाही.

उत्तर द्यायची पद्धत

आता मुद्द्याचं. मुंबई पोलिसांनी २०१५च्या डिसेंबरमधे ट्विटरवर खातं काढलं, त्यांच्या गमतीदार पोस्ट सगळ्यांना माहितीयत, पण तिथं कुणी तक्रार केली की ते माहिती मागून घेतात आणि संबंधित ठाण्याला कळवतात, हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. तसंच सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना चालत्या गाडीतून लोक ट्वीट करायचे, लेकराला दूध पाहिजे, कुणी आजारी आहे, आणि पुढच्या स्टेशनावर माणूस यायचा. ट्वीट वाचणारा दिल्लीत आणि दूध आणणारा स्टेशनावर, मधली साखळी पक्की होती म्हणून ते झालं. आपली साखळी दोन-तीन माणसांचीच असते, पण ती असली पाहिजे.

आमची अशी आहे. सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री आठ, दिवसातनं तीन वेळा फोन उघडायचा आणि सगळं संपवून ठेवायचा. दिवसभर हातात फोन धरून बसायची गरज नाही, त्यानं माणूस वैतागतो आणि एखाद्या दिवशी तुसडं उत्तर देऊन बसतो. मी नसले तर फोन कुणाकडं जाणार ते आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरलेलं असतं. उत्तर माहिती नसेल तर 'विचारून उद्या दुपारपर्यंत सांगते' असं लिहायचं आणि वहीत टिपायचं, आणि उद्या दुपारी खरंच सांगायचं, उत्तर मिळालं नसलं तरी 'अजून मिळालं नाही' एवढं तरी.

दवाखान्याचे, औषधाचे, पिकावरच्या रोगाचे प्रश्न आपण मनानं सोडवायचे नाहीत. शुगरची गोळी चालते का, याचं उत्तर शिबिरातला डॉक्टर देईल. कपाशीवर अळी पडली, कोणतं औषध मारू, असं कुणी विचारलं तर फोटो मागवून घ्या आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधी यांना कृषी सहायक म्हणायचे) नाहीतर परभणीच्या विद्यापीठातल्या नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला पाठवा, त्यांचं उत्तर त्यांच्या नावानं सांगा.

वहीचं अजून सांगायचं राहिलं. एक रजिस्टर करा, त्यात चार रकाने: तारीख, कुणी विचारलं, काय विचारलं, काय केलं. महिन्याच्या शेवटी वाचून बघा. एकच प्रश्न पाचदा आलाय म्हणजे तुमच्या पोस्टमधे काहीतरी राहिलंय. आमच्या वहीत 'घरी कधी सोडणार' हा प्रश्न बायकांकडून सारखा यायचा, मला आधी कळेना, मग एकीनं फोनवर सांगितलं की रक्त दिल्यावर चक्कर आली तर वस्तीवर तीन किलोमीटर चालत कसं जाऊ. त्या वर्षीपासून दोन जीप ठेवल्या आणि पोस्टमधे एक ओळ वाढवली, 'परत सोडायला गाडी आहे.' दुसऱ्या कुठल्याही बदलापेक्षा या एका ओळीनं जास्त बायका आल्या.

तक्रार आली तर ती उडवू नका. कुणी चारचौघांत लिहिलं की 'मागच्या वर्षी दोन तास उभं केलं, पाणी पण नाही', तर तिथंच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्या: बरोबर आहे, नोंदणीला एकच टेबल होतं, यंदा तीन आहेत आणि मंडप आहे. मग त्या माणसाला वेगळा मेसेज करून यायचं निमंत्रण द्या. शिवीगाळ, जातीवरून काही, कुठल्या बाईबद्दल वंगाळ, हे मात्र लगेच काढायचं, आधी स्क्रीनशॉट घेऊन. हा नियम ग्रुपच्या माहितीत आधीच लिहून ठेवा, म्हणजे काढल्यावर 'माझंच का काढलं' होत नाही. निवडणुकीच्या दिवसांत ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं ही सेटिंग चालू करून ठेवत जा, आमचे दोन चांगले ग्रुप त्या पंधरा दिवसांत फुटलेत.

रक्ताचा मेसेज, अफवा आणि पुराचे दिवस

'तातडीने ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे, कृपया पुढे पाठवा' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तारीख नाही, गाव नाही, आणि तो फिरत राहतो. पेशंट कधीच बरा होऊन घरी गेलेला असतो नाहीतर वारलेला असतो, आणि त्या घरच्यांना महिनोन्‌महिने फोन येत राहतात. म्हणून संस्थेच्या नावानं असा मेसेज काढताना पहिल्याच ओळीत तारीख आणि वेळ, मग दवाखाना, गाव, किती पिशव्या, आणि 'हा मेसेज उद्या संध्याकाळी ६ नंतर पुढं पाठवू नका.' गरज भागली की त्याच ग्रुपवर 'मिळालं, धन्यवाद, आता फोन करू नका' असं टाका. व्हॉट्सॲपवर मेसेज सगळ्यांकडून पुसायला साधारण दोन दिवस मिळतात आणि चूक दुरुस्त करायला १५ मिनिटं, पण पुढं गेलेल्या कॉप्या तुमच्या हातात राहत नाहीत, म्हणून तारीख मेसेजच्या आतच पाहिजे. आणि रक्तदात्यांची नाव, गट, नंबर अशी यादी ग्रुपवर कधीच टाकू नका. यादी संस्थेकडं ठेवा, गरज आली की तुम्ही दात्याला फोन करा, त्यानं हो म्हटलं तरच नंबर द्या. पुरुषांनी ९० दिवसांत आणि बायकांनी १२० दिवसांत परत रक्त द्यायचं नसतं, त्यामुळं शेवटची तारीख पण यादीत लिहा.

२०२५च्या सप्टेंबरमधे मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्या नद्यांना पूर, तेव्हा जुने व्हिडिओ, दुसऱ्या राज्यातले व्हिडिओ आपल्या गावाचं नाव लावून फिरत होते आणि घराघरात भीती पसरली होती. अशा दिवसांत संस्थेनं एकच गोष्ट करायची, कमी बोलायचं आणि खात्रीचं बोलायचं. तहसीलचा नाहीतर जिल्हा आपत्ती कक्षाचा माणूस आधीपासून ओळखीचा करून ठेवा. दिवसातनं ठरलेल्या वेळी, समजा सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, एकच मेसेज: कोणता रस्ता बंद, कुठल्या शाळेत राहायची सोय, कुणाला फोन करायचा, वर वेळ घातलेली. खोटा व्हिडिओ खोटा आहे हे सांगताना तोच व्हिडिओ परत टाकू नका, त्यानं तो अजून फिरतो, शब्दात सांगा.

लेकरांचे फोटो

याबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. २०१६च्या एप्रिलमधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या भागाचे फोटो देशभर फिरले, भेगा पडलेली भुई, रिकामे हंडे, केविलवाणे चेहरे. फोटो खोटे नव्हते, पण त्यातल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. संस्थांना मदत मागायची असते म्हणून त्या पण तेच करतात, फाटक्या कपड्यातलं लेकरू, हातात ताट, डोळ्यात पाणी. ते लेकरू उद्या कॉलेजला जाईल आणि तो फोटो कुणीतरी त्याला दाखवेल.

आमचा नियम असा आहे: हंगामी वसतिगृहातल्या लेकराचा चेहरा ओळखू येईल असा फोटो बाहेर जात नाही. हात, वही, पाठमोरी रांग, त्यांनी काढलेलं चित्र, हे चालतं. मोठ्या माणसाचा फोटो घ्यायचा तर तो कुठं टाकणार ते आधी सांगायचं, फोनवर दाखवायचा, नको म्हटलं तर तिथंच पुसायचा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकाची संमती लागते असं आहे, आणि अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बालन्याय कायद्यानं गुन्हा आहे. बालविवाह थांबवला की काही जण मुलीचा फोटो टाकून मोकळे होतात, असं कधीही करू नका. कुठं लेकरू अडचणीत दिसलं तर १०९८ला फोन करायचा, पोस्ट नाही.

पैसे आणि मोजमाप

देणगीचा क्यूआर टाकताना खाली लिहा, 'स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर पैसे पाठवू नका.' क्यूआर संस्थेच्या खात्याचाच पाहिजे, कार्यकर्त्याच्या नाही. किती आले आणि कशाला गेले ते बिलाच्या फोटोसकट त्याच ग्रुपवर टाका, न मागता. फेसबुकवर पैसे देऊन पोस्ट वाढवायची असेल तर फक्त आपले दोन-तीन तालुके निवडा आणि कार्यक्रमाच्या आधीचे चार दिवस, बाकी वेळी गरज नाही.

महिन्याला लाइक मोजू नका. मी चार आकडे लिहिते: किती जणांनी काही विचारलं, किती जणांना त्याच दिवशी उत्तर गेलं, 'येतो' म्हणालेल्यातले किती आले, आणि नव्यानं किती जणांनी आपला नंबर सेव्ह केला. दुसरा आकडा खाली आला की समजायचं माणूस कमी पडतंय, पोस्ट कमी करा आणि उत्तराला माणूस द्या. नवीन गटानं पहिले तीन महिने आठवड्याला दोनच पोस्ट टाकाव्यात असं मी सांगते, त्यापेक्षा जास्त टाकल्या की खालचे प्रश्न वाचायचे राहतात.

वसतिगृहाचं काम आम्ही कसं चालवतो तेवढं सांगून थांबते, कारण याचं सगळ्यात जास्त विचारतात. दर गुरुवारी रात्री जेवणं झाली की प्रत्येक लेकराला फोन द्यायचा, वीस-तीस सेकंद बोलायचं, आणि ते फक्त त्याच्याच आई-बापाच्या नंबरवर पाठवायचं, ग्रुपवर नाही. काय बोलायचं ते शिकवायचं नाही. कुणी पाढे म्हणतं, कुणी आजीची तक्रार सांगतं, एक पोरगी दर आठवड्याला फक्त शेळीनं काय केलं ते सांगते. पलीकडनं उत्तर यायला कधी कधी दोन दिवस लागतात, फोन चार्ज झाला की येतं, मागं ट्रॅक्टरचा आवाज असतो. ते उत्तर ज्या दिवशी येईल त्याच दिवशी लेकराला ऐकवायचं, शाळा चालू असली तर मधल्या सुट्टीत. त्यासाठी वहीत वेगळं पान आहे, लेकराचं नाव, पाठवलं कधी, आलं कधी, ऐकवलं कधी. आई-बापाचं उत्तर येऊन पडलंय आणि लेकराला ऐकवायचं राहिलंय, असा एकही रकाना रिकामा दिसला की मी त्या दिवशी घरी जायच्या आधी वसतिगृहावर जाते.